बावीस विजय, दोनदा : ग्रेग पॉपोविच यांच्या शेवटच्या वर्षांचा हिशेब

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या सॅन अँटोनिओ स्पर्सने २०२२-२३ च्या हंगामात ८२ सामन्यांपैकी २२ जिंकले, ६० हरले. पुढच्या हंगामात, २०२३-२४ मध्ये, पुन्हा २२ जिंकले आणि ६० हरले. दोन्ही वर्षी कोच एकच, ग्रेग पॉपोविच. पाच विजेतेपदं नावावर असलेला, एनबीएच्या इतिहासात सगळ्यांत जास्त सामने जिंकलेला माणूस. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्यांना हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलच्या मानकऱ्यांत, घेतलं आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरात त्यांचा संघ ओळीने १८ सामने हरला. स्पर्सच्या इतिहासात इतकी लांब पराभवांची रांग आधी कधी लागली नव्हती.

मी शाळेतल्या मुलांना बास्केटबॉल शिकवतो. सॅन अँटोनिओत संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेसहाला लागतो. मुलं मैदानावर जमेपर्यंत फोनवर पहिला क्वार्टर बघून होतो. त्या १८ पराभवांतले बरेचसे मी असेच, बोर्डाखालच्या कट्ट्यावर बसून पाहिले. दर वेळी मनात एकच यायचं की हा माणूस अजून चांगला कोच आहे का, आणि आहे म्हटलं तर ते कशावरून म्हणायचं? आपल्याकडे वर्ष संपलं की कोचला विचारतात, किती कप आले? त्या प्रश्नाला पॉपोविच यांच्याकडे त्या दोन वर्षांत काहीच उत्तर नव्हतं. म्हणून मी हे प्रकरण नीट मांडून बघायचं ठरवलं.

कुणाच्या हातात काय होतं

मोजमापाआधी हे बघायला हवं, नाहीतर एकाच्या कामाचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फुटतं. खेळाडू घेणं, विकणं, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कुणाला उचलायचं हे काम जनरल मॅनेजरचं. स्पर्समध्ये २०१९ पासून तिथे ब्रायन राइट आहेत. पण पॉपोविच नुसते कोच नव्हते, ते बास्केटबॉल विभागाचे अध्यक्षही होते. म्हणजे कोचच्या कामावर संघात ज्याने देखरेख करायची, त्या खुर्चीवर कोचच बसलेले. २०२३ च्या जुलैत त्यांना पाच वर्षांचा, ८ कोटी डॉलरच्या पुढचा नवा करार मिळाला, तोही २२ विजयांच्या हंगामानंतर लगेच. ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा व्हिक्टर वेम्बान्यामा पदरात पडून तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता. इतक्या वर्षांची पुण्याई असलेल्या माणसाला करार देण्यात मला काही वावगं वाटत नाही. पण त्यातून एक गोष्ट झाली. संघाच्या आत कुणी उभं राहून 'हे का चाललंय?' असं विचारावं, अशी जागाच उरली नाही.

विजयांचं माप इथे का चालत नाही, तेही सांगतो. पुनर्बांधणीत, म्हणजे जुना संघ मोडून नवा उभारताना, संघाची कचेरी (व्यवस्थापन) ठरवून आजचे विजय विकते आणि उद्याचे ड्राफ्टचे हक्क विकत घेते. २०१९ पासूनच्या, तेव्हा लागू असलेल्या नियमाप्रमाणे सगळ्यांत तळाच्या तीन संघांना सोडतीत पहिल्या क्रमांकाच्या निवडीची प्रत्येकी १४ टक्के संधी होती. तेव्हा तळाशी असणं हाच धोरणाचा भाग होतो. २०२२-२३ सुरू होण्याआधी खुद्द पॉपोविच यांनीच पत्रकारांना सांगून टाकलं होतं की आमच्या विजेतेपदावर पैज लावायला कुणी लास व्हेगसला जाऊ नका. ज्या संघाला जिंकायचंच नाही, त्याच्या कोचला 'किती जिंकलास?' असं विचारणं म्हणजे नांगरणी चालू असताना पीक मोजायला जाणं आहे.

मग मी दुसरे प्रश्न घेतले. हातात आलेला खेळाडू वर्ष-दोन वर्षांनी नवीन काय करू लागला? कोचची चूक झाली तर ती दुरुस्त व्हायला किती सामने लागले? आणि हरतानाही संघाचा खेळ सुधारत होता का?

दोन दगडांवर पाय

स्पर्सच्या विजेतेपदांचा आधार असलेला टिम डंकन २०१६ मध्ये निवृत्त झाला. २०१८ च्या उन्हाळ्यात त्याचा जुना साथीदार मनू जिनोबिली थांबला, टोनी पार्कर शार्लटला गेला आणि कवाय लेनर्डला टोराँटोला पाठवावं लागलं. त्याच्या बदल्यात डीमार डरोझन, याकोब पर्टल आणि एक ड्राफ्टचा हक्क आला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पॉपोविच यांच्या पत्नी एरिन वारल्या होत्या. ते तेव्हा ६९ वर्षांचे होते आणि त्यांनी सोडलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती.

२०१८-१९ चा संघ मला आजही आवडतो. डरोझन आणि लामार्कस ऑल्ड्रिज, दोघंही तीन गुणांच्या रेषेच्या आतून फेकणारे. सगळी लीग रेषेबाहेर पळत असताना स्पर्सने त्या वर्षी तीन गुणांचे सगळ्यांत कमी फटके मारले आणि अचूकतेत मात्र पहिला क्रमांक पटकावला. हातात आहेत त्या माणसांना शोभेल असा खेळ बसवणं याला मी कोचिंग म्हणतो. ४८ विजय मिळवून संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, गेला आणि डेन्व्हरविरुद्धच्या मालिकेत सातव्या, निर्णायक सामन्यापर्यंत पोचला. त्या सामन्याचा शेवट मला विसरता येत नाही. सेकंद संपत चालले होते, स्पर्स मागे होते, चेंडू डेन्व्हरकडे. घड्याळ थांबवायला फाउल करायलाच हवा होता. पॉपोविच बाजूला उभे राहून जिवाच्या आकांताने ओरडत होते, हात हलवत होते आणि त्या गोंगाटात खेळाडूंपर्यंत काही पोचलंच नाही. चेंडू तसाच खेळवला गेला, वेळ निघून गेला, ९०-८६. प्लेऑफमधला तो त्यांचा शेवटचा सामना ठरला.

पुढची दोन वर्षं मात्र मी त्यांच्या उधारीच्या रकान्यात टाकतो. प्लेऑफमध्ये सलग २२ वर्षं जाण्याचा क्रम चालू होता आणि तो मोडू नये म्हणून संघ ना धड जुना राहिला ना नवा झाला. २०१९-२० मध्ये करोनामुळे खेळ थांबला तेव्हा २७ विजय, ३६ पराभव होते. ऑर्लंडोला बंदिस्त वातावरणात लीग पुन्हा सुरू झाली. ऑल्ड्रिज खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे बाहेर, म्हणून पोरांना खेळवणं भाग पडलं. डेजाँटे मरे, डेरिक व्हाइट, केल्डन जॉन्सन, लॉनी वॉकर अशी तरणी मंडळी पळू लागली आणि आठातले पाच सामने जिंकली. क्रम तिथेच तुटला, पण संघ मोकळा झाला. तो मोकळेपणा नाइलाजाने आला, ठरवून आला नाही, हे मला खटकतं. बरं, तो क्रम वाचवायचा हट्ट कोचचा किती, कचेरीचा किती आणि तिकीट काढून येणाऱ्या गावाचा किती, हे बाहेरून सांगता येत नाही. पण दोन्ही पदं एकाच माणसाकडे असली की जबाबदारीही त्याच्याकडेच जाते.

एकोणतिसाव्या क्रमांकाची तीन पोरं

पॉपोविच यांच्या बाजूने बोलणारा सगळ्यांत भक्कम पुरावा माझ्या मते इथे आहे, आणि तो पराभवांच्या तक्त्यात कधीच दिसत नाही. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत ३० खेळाडू निवडले जातात. २९ वा क्रमांक म्हणजे जवळजवळ पंगत उठल्यावर मिळालेलं पान. स्पर्सला २०१६ मध्ये २९ वा मरे मिळाला, २०१७ मध्ये २९ वा व्हाइट आणि २०१९ मध्ये २९ वा केल्डन जॉन्सन.

मरे आला तेव्हा त्याला बाहेरून बास्केट करता येत नव्हती. २०१८-१९ चा पूर्ण हंगाम गुडघ्याच्या दुखापतीत गेला. तरी २०२१-२२ मध्ये तो सामन्यामागे २१.१ गुण, ९.२ असिस्ट (बास्केट करून देणारे पास), ८.३ रिबाउंड (चुकलेल्या फटक्यानंतर मिळवलेले चेंडू) काढत होता, चेंडू हिसकावण्यात लीगमध्ये पहिला होता आणि लीगमधल्या निवडक खेळाडूंत, म्हणजे ऑल-स्टारमध्ये, गेला. व्हाइट तर कॉलेजच्या सुरुवातीला दुसऱ्या विभागात खेळलेला मुलगा. स्पर्समध्ये तो जे शिकला, कुठे उभं राहायचं, कुणाचा माणूस सुटला की कोणी धावायचं, त्या जोरावर तो २०२४ मध्ये बॉस्टनच्या विजेत्या संघात पहिल्या पाचांत होता. केल्डन जॉन्सन २०२२-२३ मध्ये सामन्यामागे २२ गुण करत होता. अकराव्या क्रमांकाचा डेव्हिन व्हॅसेल पहिल्या वर्षी ५.५ गुणांवर होता, चौथ्या वर्षी १९.५ वर. डरोझनसारखा मुरलेला फटकेबाजसुद्धा सॅन अँटोनिओत चेंडू वाटायला शिकला, तिथल्या शेवटच्या हंगामात सामन्यामागे ६.९ असिस्ट, तोवरच्या त्याच्या कारकिर्दीतले सगळ्यांत जास्त.

आणि मग काय झालं? २०२२ च्या फेब्रुवारीत व्हाइटला बॉस्टनला दिलं. जूनअखेर मरेला अटलांटाला दिलं, त्याच्या बदल्यात पहिल्या फेरीचे तीन हक्क आले. २०२३ च्या फेब्रुवारीत पर्टल परत टोराँटोला गेला. कोचने जो खेळाडू चांगला घडवला, तोच बाजारात जास्त किमतीचा ठरला आणि तोच गेला. कोच जितकं चांगलं शिकवेल तितका त्याचा संघ दुबळा होईल, असा हा उलटा व्यवहार असतो. मरे गेल्यावर बावीस विजय आले यात नवल नाही. अटलांटाकडून मिळालेल्या हक्कांपैकी एक २०२५ मध्ये चौदाव्या क्रमांकाचा निघाला, त्यावर कार्टर ब्रायंट आला. अजून काही वसूल व्हायचं आहे.

तरी या पुराव्यात एक फट आहे आणि ती झाकणं बरोबर नाही. या पोरांचे हात बसवले ते चिप एंगलंड यांनी. फटक्याचं तंत्र शिकवणारे ते कोच, कवाय लेनर्डचा हातही त्यांनीच घडवलेला. २०२२ मध्ये ते ओक्लाहोमा सिटीला गेले. एटोरे मेसिना आणि इमे उडोका हे सहायक कोच २०१९ मध्येच गेले होते. विल हार्डी २०२१ मध्ये बॉस्टनला आणि तिथून वर्षभरात युटाचा मुख्य कोच. बेकी हॅमन २०२२ मध्ये लास व्हेगस एसेस या महिला संघाला. सहकारी मोठे होऊन बाहेर पडणं ही पॉपोविच यांचीच कमाई, पण पुनर्बांधणी सुरू झाली नेमकी तेव्हा त्यांच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या होत होत्या. २०२१ नंतर आलेल्या पोरांना २०१६ च्या पोरांसारखी माणसं शिकवायला मिळाली नाहीत.

सोहानचा डावा हात

जेरेमी सोहान २०२२ मध्ये नवव्या क्रमांकावर आला. १९ वर्षांचा, उंच, अंगाने दणकट, बचावात कुणालाही भिडणारा, आणि फ्री थ्रोवर, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फटक्यावर, हात थरथरणारा. पहिल्या दोन महिन्यांत त्याचे निम्मेही फ्री थ्रो पडत नव्हते. १९ डिसेंबरला ह्यूस्टनविरुद्ध तो रेषेवर उभा राहिला, चेंडू उजव्या तळव्यावर घेतला, डावा हात अंगालगत खाली सोडला आणि एकाच हाताने चेंडू फेकला. सगळ्या लीगसमोर, टीव्हीवर, मोठ्या माणसांच्या खेळात, शाळेतल्या सरावाची कसरत.

ही कसरत मी माझ्या मुलांकडून रोज करून घेतो. डाव्या हाताचं काम चेंडूला नुसता आधार द्यायचं, पण बहुतेक मुलांचा डावा अंगठा सुटताना चेंडूला ढकलतो आणि चेंडू वाकडा जातो. तो हात काढून टाकला की चूक लपायला जागा राहत नाही. बास्केटपासून चार फुटांवर सगळे हसत हसत करतात. सामन्यात कर म्हटलं तर चौदा वर्षांचा मुलगासुद्धा तयार होत नाही, कारण लोक हसतात. मी एकदा आमच्या एका मुलाला तालुक्याच्या सामन्यात करायला सांगितलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, दोन्ही हात चेंडूला लावले आणि दोन्ही फ्री थ्रो चुकवले. मी त्याला काही बोललो नाही. त्याने ऐकावं इतका विश्वास मी कमावला नव्हता.

सोहानने ऐकलं. लोक ओरडले, हसले, तो तसाच फेकत राहिला. हंगामाच्या शेवटी त्याचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास पोचलं आणि पुढच्या वर्षी आणखी वर गेलं. या एका गोष्टीसाठी मी पॉपोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पूर्ण गुण देतो. ७३ वर्षांच्या कोचने १९ वर्षांच्या पोराला लाज गिळायला लावली, आणि पोराने गिळली. कोचचं काम याहून वेगळं काय असतं?

आता याच मुलाची दुसरी बाजू. २०२३-२४ सुरू झाला, वेम्बान्यामा आला आणि पॉपोविच यांनी सोहानला पॉइंट गार्ड केलं. सहा फूट आठ इंचांचा फॉरवर्ड, चेंडू पुढे आणायचा, डाव लावायचा, वेम्बान्यामाला योग्य वेळी चेंडू द्यायचा हे सगळं त्याच्याकडे. सोबत झॅक कॉलिन्स सेंटरला, म्हणजे बास्केटजवळच्या जागी, त्यामुळे सात फूट चार इंचांचा वेम्बान्यामा बास्केटपासून लांब. खरा पॉइंट गार्ड ट्रे जोन्स राखीव खेळाडूंत बसलेला.

कल्पना वाईट नव्हती. हरायचंच आहे तर शिकून हरावं, सोहानकडून चेंडू हाताळता आला तर पुढची दहा वर्षं फायदा होईल, असा तो विचार होता. पण मैदानावर काय दिसायचं? समोरचा संघ सोहानला मोकळा सोडून द्यायचा, सगळे वेम्बान्यामाभोवती गोळा व्हायचे, चेंडू उशिरा यायचा, गुडघ्याच्या उंचीवर यायचा, कधी यायचाच नाही. वेम्बान्यामा दोन्ही हात वर करून बास्केटजवळ उभा आणि चेंडू तिसरीकडेच, हे दृश्य मी त्या नोव्हेंबरात इतक्या वेळा पाहिलं की मोजणं सोडून दिलं. सुरुवातीचे पाच सामने ३-२ गेले होते, त्यात फिनिक्सला त्यांच्याच मैदानावर ओळीने दोनदा हरवलेलं. तिथून सलग १८ पराभव.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वेम्बान्यामा सेंटरला आला आणि सोहान आपल्या मूळ जागी गेला. ट्रे जोन्स पहिल्या पाचांत यायला जानेवारी उजाडला. म्हणजे चूक ध्यानात येऊन पूर्ण दुरुस्त व्हायला तीस-एक सामने गेले. प्रयोग करण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्याच्या मुदतीबद्दल आहे. दहा सामन्यांत जे कळलं ते तीस सामन्यांपर्यंत ताणण्यात सोहानचाही तोटा झाला. त्याच्याकडून न होणारं काम रोज सगळ्यांसमोर करायला लावलं गेलं, आणि हे फ्री थ्रोसारखं सरावाने सुटणारं नव्हतं. दुसरा कुणी कोच असता तर पंधराव्या पराभवाला खुर्ची गेली असती. खुर्ची जावी असं मी म्हणत नाही, पण कुणीतरी दहाव्या सामन्यानंतर दार वाजवायला हवं होतं. मघाशी म्हटलेली रिकामी जागा ती हीच.

त्याच रांगेतला एक सामना लोक वेगळ्या कारणाने लक्षात ठेवतात. २२ नोव्हेंबर २०२३, लेनर्डचा तेव्हाचा संघ क्लिपर्स सॅन अँटोनिओत आलेला, लेनर्ड फ्री थ्रो घ्यायला उभा आणि प्रेक्षक त्याची हुर्यो उडवतायत. पॉपोविच निवेदकाचा माइक घेऊन म्हणाले की हे थांबवा, आपण असे नाही. लोक आणखी मोठ्याने ओरडले. माणूस म्हणून मला ते फार भावलं. पण कोच म्हणून त्यांना गुण देताना मी ते धरत नाही. चांगुलपणा आणि परिणामकारकता एकाच पारड्यात टाकली की दोन्हींचं वजन चुकतं, आणि पॉपोविच यांच्याबद्दल लिहिताना ही गफलत फार होते.

दोन बाविशी सारख्या नाहीत

आता पुन्हा त्या आकड्यांकडे. २०२२-२३ मध्ये स्पर्सची सुरुवात ५-२ अशी झाली होती. म्हणजे उरलेल्या ७५ सामन्यांत १७ विजय, ५८ पराभव. त्यात जानेवारी-फेब्रुवारीत ओळीने १६ हारलेले. बचावात संघ तिसांपैकी तिसावा. सगळे सामने धरले तर सामन्यामागे सरासरी सुमारे दहा गुणांची तूट.

२०२३-२४ मध्ये पहिल्या २३ सामन्यांत ३ विजय, २० पराभव. उरलेल्या ५९ मध्ये १९ विजय, ४० पराभव. तूट दहावरून साडेसहाच्या आसपास आली. म्हणजे पहिली बाविशी उतरणीची होती, दुसरी चढणीची. वर्षअखेरच्या तक्त्यात दोन्ही ओळी हुबेहूब दिसतात, आणि तक्ता वाचून कोचला जोखणारा तिथेच फसतो. २९ मार्चला न्यूयॉर्कविरुद्ध वेम्बान्यामाने ४० गुण आणि २० रिबाउंड घेतले, समोर न्यूयॉर्कच्या ब्रन्सनने ६१ गुण केले, तरी स्पर्सने जादा वेळेत सामना काढला. डिसेंबरातला संघ तो सामना सोडून देऊन मोकळा झाला असता.

यात वेम्बान्यामाचा वाटा किती आणि कोचचा किती? प्रामाणिकपणे बघितलं तर मोठा वाटा वेम्बान्यामाचा. तो मिळाला १४ टक्क्यांच्या नशिबाने, त्यात कुणाची करामत नाही. पॉपोविच यांची करामत त्याला जपण्यात आहे. पहिल्या वर्षी त्याला सामन्यामागे सरासरी तीस मिनिटांच्या आतच खेळवलं. प्रेक्षक ओरडत होते, टीव्हीवाल्यांना तो हवा होता, तरी नाही. तो ७१ सामने खेळला, २१.४ गुण, १०.६ रिबाउंड आणि लीगमध्ये सर्वाधिक ३.६ ब्लॉक (अडवलेले फटके), एकमताने वर्षातला सर्वोत्तम नवोदित. तेवढ्या उंचीचं, तेवढं बारीक शरीर ८२ सामन्यांच्या रगाड्यात टिकवणं हे काम दिसत नाही, म्हणून त्याची किंमत कमी लागते. १९९७ मध्ये डंकन आला तेव्हाही हेच कोच होते. त्याआधीचा त्यांचा पहिला हंगाम १७ विजय आणि ४७ पराभवांचा होता, हे आज किती जणांना आठवतं?

पुढे जे झालं त्यावरून मागचं कळतं का

२०२४ च्या उन्हाळ्यात ख्रिस पॉल आणि हॅरिसन बार्न्स आले, ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर स्टीफन कॅसल. पॉपोविच यांनी पाच सामने घेतले, दोन जिंकले, तीन हरले. २ नोव्हेंबरला सामन्याआधी मैदानाच्या इमारतीतच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्या संध्याकाळी बाकावर सहायक कोच मिच जॉन्सन उभे राहिले आणि उरलेला हंगाम त्यांनीच सांभाळला. ७७ सामन्यांत ३२ विजय, ४५ पराभव. वेम्बान्यामा खांद्यातल्या रक्ताच्या गुठळीमुळे फेब्रुवारीत बाहेर गेला, एकूण ४६ च सामने खेळला, तरीही.

यावरून 'म्हातारा गेला आणि संघ सुधारला' असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. ख्रिस पॉल चाळिशीला टेकलेला असूनही ८२ च्या ८२ सामने पहिल्या पाचांत खेळला. खरा पॉइंट गार्ड मिळाल्यावर वेम्बान्यामाचं काय होतं ते तेव्हा दिसलं, म्हणजे हा पुरावा पॉपोविच यांच्या विरोधात जातो तो सोहानच्या प्रयोगापुरता, कोच म्हणून सरसकट नाही. शिवाय जॉन्सन हे २०१९ पासून त्यांच्याच हाताखाली वाढलेले, त्याआधी ऑस्टिनच्या दुय्यम संघात. एंगलंड, हार्डी, हॅमन गेल्यावर खुर्च्या रिकाम्या झाल्या असं मी वर लिहिलं, पण एका खुर्चीवर पुढचा माणूस बसलेला होता, आणि तो बसवलेलाही पॉपोविच यांनीच. जॉन्सन मुख्य कोच झाल्यावर २०२५-२६ ची सुरुवात पाच सलग विजयांनी झाली, स्पर्सच्या इतिहासातली सगळ्यांत चांगली.

माझा निकाल असा. शिक्षक म्हणून शेवटच्या सहा वर्षांतही पॉपोविच पहिल्या रांगेतले होते, आणि मरे, व्हाइट, व्हॅसेल, सोहानचा फ्री थ्रो ही त्याची साक्ष आहे. सामना लावणारा कोच म्हणून २०१९ पर्यंत उत्तम, २०२२-२३ मध्ये मोजताच न येण्यासारखे, आणि २०२३ च्या शेवटच्या दोन महिन्यांत चुकलेले, स्पष्टपणे चुकलेले. संघाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी स्वतःवर अंकुश ठेवणारं कुणी नेमलं नाही आणि जुना क्रम सोडायला दोन वर्षं उशीर केला. या तिन्हींची बेरीज करून एक गुण द्यायला मला कुणी सांगितलं तर मी देणार नाही, कारण तीन वेगळी कामं आहेत. आमच्या शाळेत मी यंदापासून कपांच्या संख्येऐवजी प्रत्येक मुलाच्या नावापुढे 'जूनमध्ये येत नव्हतं, मार्चमध्ये येतं' असा एक रकाना ठेवला आहे, तो या अभ्यासातून सुचला.

२ मे २०२५ रोजी पॉपोविच यांनी कोचपद सोडलं. कारकिर्दीची अधिकृत नोंद १,४२२ विजय आणि ८६९ पराभव. शेवटच्या हंगामाआधी त्यांचे १,३८८ विजय होते, त्यात त्या हंगामाचे ३४ मिळवले की १,४२२ होतात. त्या चौतिसांतले ३२ सामने जिंकताना ते बाकावर नव्हते. जॉन्सन हंगामी होते, म्हणून नोंद मुख्य कोचच्या नावावर गेली.